गुरुवारी दुपारी आलेला फोन

मंगळवार, ११ मार्च

ठिणगे,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. हे वर्कशॉपमध्ये, मोटरींच्या वाइंडिंगच्या टेबलावर बसून लिहितोय, त्यामुळे कागदाला वॉर्निशचा वास येईल. तुला त्याचं काही वाटणार नाही म्हणा, तू त्या वासातच लहानाची मोठी झालीस.

एकच विचारायचं आहे. गेल्या गुरुवारी दुपारी, मी जेवून परत आल्यावर, मला फोन तू केला होतास का?

हो की नाही, एवढंच लिही. फोन करून सांगू नकोस. फोनवर सांगितलंस तर हे सांगणारी कोण, असा नवा प्रश्न पडेल आणि मी पुन्हा होतो तिथेच. म्हणून हा कागदाचा खटाटोप. पोस्टात तिकीट मागितलं तर खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाहेर माझा घोडा बांधलाय. पत्ता तुझ्या आईने तुला पाठवलेल्या पार्सलवरून उतरवून घेतला. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. उत्तर वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव.

झालं ते असं. नंबर अनोळखी होता. मी उचलला. "बाबा, मी बोलतेय," असं कोणीतरी म्हणालं. आवाज तुझा. मी दोन वाक्यं ऐकली आणि फोन ठेवून दिला. कामात होतो. शिवाय हल्ली इकडे फसवाफसवी फार बोकाळली आहे. माझ्या एका ओळखीच्या माणसाला नुकतंच चांगलं गंडवलंय, तेव्हा मी सावध होतो.

तू असशील तर तुला वाईट वाटलं असेल. दोन वर्षांनी पोरगी फोन करते आणि बाप ठेवून देतो. तू नसशील तर तुला वाईट वाटायचं कारण नाही. माझं मी बघेन.

हो की नाही, तेवढं कळव.

बाबा

शनिवार, २२ मार्च

ठिणगे,

तुझं उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागत असेल, किंवा तुला.

मला वाटतं मी फार तोडकं लिहिलं. तुला वाटलं असेल, म्हातारा काहीतरी दडवतोय. तर तो ओळखीचा माणूस. त्याची माझी ओळख जुनी आहे. रोज सकाळी दाढी करताना भेटतो.

आता हसून घे आणि मग पुढे वाच.

आपला तो गायक तुला आठवतो. तुझी आई त्याला 'तुमचा गळा' म्हणते. "तुमच्या गळ्याचं गाणं लागलंय, या बाहेर." मी पहिली मोटर उघडली तेव्हा शेजारच्या दुकानात त्याचंच गाणं लागलं होतं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याचा श्वास कुठे तुटतो हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक असेल. महिन्याभरापूर्वी मोबाइलवर तो दिसला. 'आत्ता थेट' असं लिहिलेलं. तो खुर्चीत बसून गप्पा मारतोय. भोवती निळी चौकट, खाली मजकूर: रसिकांच्या प्रेमाची परतफेड म्हणून तो डिजिटल नाणी वाटतोय, तुम्ही जेवढी पाठवाल त्याच्या दुप्पट तुम्हाला परत. बाजूला तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन, मोबाइलने टिपायचा.

मी काही दूधखुळा नाही. फुकट काही मिळत नाही हे मी लोकांना सांगतो. पहिली शंका मला हीच आली की हा आवाज नकली असणार. हल्ली यंत्रं आवाज बनवतात म्हणे. म्हणून मी इअरफोन लावले आणि मोटर ऐकतो तसा त्याला ऐकला. डोळे मिटून. लांब वाक्यापूर्वी तो बारीकसं 'हं' करतो, ते होतं. 'स' म्हणताना शिट्टी वाजते, ती होती. मागे खुर्ची करकरली, कोणीतरी पेल्यात पाणी ओतलं, लांब कुठेतरी दार लागलं. यंत्र एवढं कशाला करील? शंभर नंबरी अस्सल. फक्त गळा गेल्या कार्यक्रमापेक्षा तरुण वाटला. म्हटलं, विश्रांती घेतली असेल.

तो स्वतः नाण्यांबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. लहानपणच्या गोष्टी सांगत होता. हेही माझ्या लक्षात आलं, बरं का. पण मी म्हटलं, मोठी माणसं पैशाचं स्वतःच्या तोंडाने बोलत नाहीत. त्यांची माणसं खाली लिहितात.

पैसे वर्कशॉपात नवं बॅलन्सिंग मशीन घ्यायला बाजूला ठेवलेले होते. त्या पैशांची नाणी घेतली आणि पाठवली. वाट पाहिली. अजून पाहतोय, असं म्हणायला हरकत नाही.

शेवटी पलीकडच्या मोबाइलच्या दुकानातल्या बाईंकडे गेलो. त्यांची जीभ म्हणजे कानस. त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला.

"काका, हे काय बघत होतात?"

"मुलाखत."

"आणि मुलाखतीभोवती?"

"भोवती काय, चौकट असते तशी चौकट."

"इथेच घोडं पेंड खातंय. मुलाखत चार वर्षांपूर्वीची आहे. कोणीतरी ती उचलली, भोवती चौकट चिकटवली, 'आत्ता थेट' लिहिलं आणि दिली सोडून."

"गळ्याला हे माहीत आहे?"

"कोणाला?"

"गायकाला."

"त्याला कुठलं माहीत! तो घरी घोरत असेल."

"म्हणजे आवाज खरा?"

"अगदी खरा."

"मग खोटं काय?"

"बाकी सगळं, काका."

मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. त्या म्हणाल्या, "मोटर चांगली आहे, पण कोणी तिच्यावर भलत्याच कंपनीची पट्टी ठोकली, तर ते कानाला कळेल का?" मी म्हटलं, नाही कळणार. "मग? पट्टी वाचायला डोळे लागतात." आणि मला पाणी दिलं. बाई वाईट नाहीत.

पण मला अजून नीट उमगत नाही. मी जे तपासलं ते बरोबर निघालं. तपासण्यात चूक नव्हती. तरी फसलो. त्यानंतर लाँड्रीवाल्याची मोटर आली. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. बेअरिंग गेलंय असं वाटलं. परत ऐकलं, नाही वाटलं. उघडली, तर बेअरिंग नवं कोरं. लाँड्रीवाला म्हणाला, "तुम्ही कधी उघडून बघत नव्हतात." मी म्हटलं, "आता बघतो."

तर अशा माणसाला गुरुवारी तुझा आवाज आला. फोन का ठेवला हे आता कळलं असेल. तू होतीस का?

बाबा

बुधवार, २ एप्रिल

ठिणगे,

उत्तर नाही. बरं.

तुझ्या आईला सगळं कळलं. दोष माझाच. तिने घरून फोन केला, येताना दूध आणा. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "आधी सांग, आपल्या लग्नात माझ्या शर्टाचं कोणतं बटण तुटलं होतं?"

पलीकडून उत्तर आलं, "अहो, तुमच्या डोक्यातलं बटण तुटलंय. दूध आणा."

तीच होती. पण घरी गेल्यावर तिने मला समोर बसवलं आणि दूध उकळेपर्यंत माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. पैशांबद्दल फार बोलली नाही. "तुम्ही मिळवले, तुम्ही घालवले. माझ्या डब्यात हात घातला नाहीत, एवढे उपकार." फोनचं ऐकल्यावर मात्र तिने गॅस बंद केला.

मी म्हटलं, "तू रविवारी बोलतेस ना तिच्याशी? विचार की, तिने केला होता का."

"नाही विचारणार."

"एवढं एक वाक्य?"

"दोन वर्षं माझ्या तोंडून बोलताय तुम्ही दोघं. बाबा जेवतात का, ठिणगी बरी आहे का. मी काय तुमची एक्स्टेन्शन वायर आहे? लेकीचं उत्तर हवं असेल तर लेकीकडून घ्या."

म्हणून हे तिसरं पत्र. मागच्या पत्रातही एक गोष्ट मी गाळली होती. ती लिहिल्याशिवाय तुला माझी पंचाईत कळायची नाही.

नाणी पाठवल्यावर ती परत येईनात, तेव्हा त्या चौकटीतच 'मदत हवी का?' असं एक बटण होतं. ते दाबलं. पलीकडे एक मदतनीस. लिहून बोलायचा, आपल्याच भाषेत, अतिशय अदबीने. काका, काळजी करू नका. काका, जेवलात का. तुला माहीत आहे, माझ्याशी कोणी दोन शब्द नीट बोललं की मी त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. याला चहा पाजता येत नव्हता, म्हणून गप्पा मारल्या. बरेच दिवस. मोटरींबद्दल, गळ्याबद्दल. एकदा त्याने विचारलं, घरात यातलं कळणारं कोणी नाही का? मी लिहिलं, मुलगी आहे, फार हुशार आहे, पण माझ्याशी बोलत नाही. का, म्हणाला. तेही लिहिलं. आणि मग, खोटं कशाला बोलू, मी त्याला तुझ्या व्हिडिओंची लिंक पाठवली. म्हटलं, बघा, मिक्सर कसा उघडते. बघा, पंख्याचा कपॅसिटर कसा समजावून सांगते, शेंबड्या पोराला कळेल.

तुझे व्हिडिओ तुझी आई बघते आणि मी बाजूला असतो, असं मी सगळ्यांना सांगतो. तुझ्या आईला तो मोबाइलही नीट चालवता येत नाही.

मोबाइलवाल्या बाई म्हणाल्या, "एवढा आवाज त्यांना पुष्कळ झाला, काका. त्यावरून ते काहीही बोलवून घेतील." मग लगेच म्हणाल्या, "पण ती खरंच तुमची मुलगीही असू शकते. मला काय माहीत!" आता यावर माणसाने काय समजावं?

त्यांनीच पोलिसांत तक्रार करायला लावली. तिथला साहेब तरुण होता, पण थकलेला.

"कोणी फसवलं?"

"माहीत नाही."

"बोललं कोण?"

"गायक."

"म्हणजे गायकाने फसवलं."

"नाही हो, त्याला पत्ताच नाही."

"मग फोन कोणाचा?"

"मुलीचा."

"मुलीने फसवलं?"

"ती मुलगी होती की नव्हती, तेच तर कळत नाहीये."

त्याने पेन खाली ठेवलं. "आजोबा, तक्रार नक्की कोणाविरुद्ध लिहू?"

मी विचार करून म्हटलं, "आवाजाविरुद्ध." तो म्हणाला, तसा रकाना नाही. 'अज्ञात' असं लिहून त्याने माझी सही घेतली. गळ्याचं नाव कुठे येऊ देऊ नका, एवढं मी त्याला बजावलं.

दोन वाक्यांत फोन ठेवला असं मी लिहिलं होतं, तेही तितकंसं खरं नाही. थोडा वेळ बोललो. "बाबा, नाणी अडकलीत ना, मला कळलंय," असं तू म्हणालीस. म्हणजे तू, किंवा जी कोण होती ती. शेवटी म्हणालीस, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याच्याकडे थोडी फी भरा, तो सोडवून देईल. तिथे मी ठेवला. पण ठेवल्यावर विचार आला, खरंच तुझ्या ओळखीचा कोणी असेल तर? तू खरंच मदत करत असशील तर? तुझ्या आवाजामागे काही ऐकू येत नव्हतं. पंखा नाही, भांडं नाही, रस्ता नाही. गळ्याच्या मागे अख्खी खोली होती आणि ते खोटं निघालं. तुझ्या मागे काहीच नव्हतं, म्हणजे ते खरं का? की तुमचं घर शांत आहे? मी पाहिलेलं नाही. ते तुझे गृहस्थ बोलत नाहीत, म्हणजे घर शांतच असणार.

त्यांच्याबद्दल मी जे तुमचं लग्न ठरताना म्हणालो, ज्या माणसाचा आवाजच ऐकू येत नाही त्याला मी पास कसा करू, ते मी विनोदाने म्हणालो होतो की खरंच, हे मलाही आता सांगता यायचं नाही. तो विषय नको.

खरा पेच वेगळाच आहे. तो फोन तुझा असेल, तर मी स्वतःच्या पोरीच्या तोंडावर फोन आपटला. तुझा नसेल, तर मी शहाणपणा केला, पैसे वाचवले, सगळे शाबासकी देतील. पण मग तू फोन केलाच नाहीस. दोन वर्षांत एकदाही नाही. रोज सकाळी उठतो तेव्हा वाटतं, देवा, तिचा नसू दे. शटर वर करेपर्यंत वाटायला लागतं, तिचाच असू दे, मग माझ्या नावाने का बोंबलेना.

यातलं कुठलं उत्तर मागावं हेच मला कळत नाही. तू खरं असेल ते लिही.

बाबा

मंगळवार, १५ एप्रिल

ठिणगे,

पाकीट आलं. जाडजूड. वरचं अक्षर तुझं नव्हतं. उघडलं तर जावयांचं पत्र. पाठपोट चार पानं!

हा माणूस एवढं बोलतो?

मी आधी शेवटचं पान बघितलं, मग पहिल्यापासून वाचलं. मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती मध्येच म्हणाली, "सावकाश वाचा, भाषण नाहीये ते." चौकटीचं त्यांनी जेवढं फोड करून सांगितलंय, तेवढं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. लोकांनी पाठवलेली नाणी कुठून कुठे जातात, ती परत का आणता येत नाहीत, तरी तक्रार का करून ठेवायची, बँकेला काय लिहायचं. कुठेही मला मूर्ख म्हटलेलं नाही. एका ठिकाणी लिहिलंय, 'आपण आवाज तपासलात हे योग्यच केलंत, बहुतेक लोक तेवढंही तपासत नाहीत.' हे वाक्य मी लाँड्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. माझी पहिली दोन पत्रं तू उघडून नुसती ठेवून दिली होतीस आणि तिसऱ्यानंतर 'तुम्हीच लिहा, माझ्याच्याने होणार नाही' म्हणालीस, हेही त्यांनी लिहिलंय. ते लिहायला नको होतं असं तुला वाटेल. मला ते हवं होतं.

आणि शेवटच्या पानाखाली तुझ्या अक्षरात दोन ओळी.

'तो फोन मी केला नव्हता. तिच्याशी काय बोललात?'

पहिली ओळ वाचून काय वाटलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझी आई म्हणाली, "सुटलात." मी मान हलवली. मग माझ्या हातून वॉर्निशचा डबा सांडला. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही.

दुसऱ्या ओळीने मला चार दिवस बसू दिलं नाही. तू हेच का विचारावंस? पैसे किती गेले विचारलं नाहीस, आता कसं भागतंय विचारलं नाहीस. काय बोललात. तुला माझी खोड माहीत आहे. मी म्हणालो थोडा वेळ बोललो, तेव्हाच तुला कळलं असणार की तो थोडा नव्हता.

तर सांगतो. दोन वाक्यंही नाहीत आणि थोडा वेळही नाही. लाँड्रीवाला मोटर ठेवायला आला, दारात थांबला, मला बोलताना बघून मोटर बाहेरच ठेवून निघून गेला. एवढा वेळ.

ती "बाबा" म्हणाली आणि मला दुसरं काही सुचलं नाही. नाणी गेली खड्ड्यात. मी म्हटलं, कशी आहेस गं. ती म्हणाली, बरी आहे. मी म्हटलं, मिक्सरच्या व्हिडिओत तुझा अंगठा कापलेला दिसला, पट्टी नीट बांधली नव्हतीस. ती म्हणाली, हो बाबा. मी म्हटलं, मोटरचं आर्मेचर साफ करायची तुझी पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे, मी आता तशीच करतो, कोणाला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, हो बाबा. मी म्हटलं, माझा डावा कान जरा कमी झालाय, तुझ्या आईला माहीत नाही, दुकानात कोणीतरी ऐकणारं हवं, आणि तुझ्यासारखं ऐकणारं दुसरं कोणी मी बघितलं नाही. ती गप्प होती. मला वाटलं, तुझा गळा दाटून आला. आता कळतंय, यंत्राला काय बोलावं हे कळत नसेल, किंवा यंत्रामागच्या माणसाला. कदाचित तोच अदबीने बोलणारा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, एवढं खरं.

मग मी म्हटलं, घरी ये. आणि म्हटलं, एकटी येऊ नकोस, जावयांना घेऊन ये. ते बोलले नाहीत तरी चालेल, मी दोघांचं बोलेन. लग्नाला मी आलो नाही, तर आता तुम्ही या आणि मला बसवून सगळं सांगा, कोण काय म्हणालं, कोण रुसलं, जेवण पुरलं का. मला काहीच माहीत नाही गं, असं म्हटलं.

फीचं बोलणं त्यानंतर निघालं.

तुला द्यायचं ते सगळं मी भलत्याच माणसाच्या पदरात टाकून आलो. पैशांपेक्षा ते जास्त लागलंय, पण त्या साहेबाकडे त्याचाही रकाना नसेल. म्हणून इथे पुन्हा लिहिलं. वाचताना थंड वाटेल. तेव्हा ते गरम होतं.

एक राहिलं. घरी ये म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "येते बाबा."

तिथेच मला कळायला हवं होतं. तू ये म्हटल्यावर एवढ्या लगेच येणार नाहीस. तू आधी भांडशील, मग गप्प बसशील, मग आईला काहीतरी तिरकस सांगशील. तर तसं कर. सगळं यथासांग कर, घाई नाही.

मग ये.

बाबा